अकरा मिनिटं

ती यंत्रणा आणावी असा आग्रह अभिनंदन मगदूमनंच धरला होता. पुढे सगळे हे विसरले, तो मात्र विसरू शकला नाही.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या फाउंड्रीत त्याची सव्वीस वर्षं झाली होती, त्यातली सोळा मेथड विभागाचा प्रमुख म्हणून. मेथड म्हणजे धातूचा रस साच्यात कुठून शिरेल, कुठला भाग आधी गोठेल आणि कुठला शेवटी, हे आधीच ठरवणं. ऐकायला साधं वाटतं. पण रस गोठताना आकसतो, आणि त्या वेळी शेजारून त्याला भर मिळाली नाही तर आत पोकळी राहते. बाहेरून भाग चकचकीत दिसतो, आत भोक असतं. असा भाग विमानाच्या इंजिनात बसला तर काय होईल ते सांगायला नको. मगदूमच्या मेथडमध्ये पोकळी सापडत नाही, असं कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत बोललं जायचं. दुसऱ्या फाउंड्रीवाले अडलेली ड्रॉइंग घेऊन त्याच्याकडे यायचे. तो आधी त्यांना चहा पाजायचा आणि चहा संपेपर्यंत ड्रॉइंगकडे ढुंकूनही बघायचा नाही.

त्यांचं ओतकाम मेणाचं. जो भाग हवा तो आधी मेणात करायचा. असे दहा-वीस भाग मेणाच्याच एका दांड्याला फांद्यांसारखे जोडायचे; त्याला झाड म्हणतात. ते झाड चिनी मातीसारख्या घोळात बुडवायचं, वर बारीक वाळू भुरभुरायची, वाळवायचं आणि पुन्हा बुडवायचं. आठ थर बसले की टणक कवच तयार होतं. मग वाफेच्या टाकीत आतलं मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या कवचात रस ओतायचा. मेणावर नखाची रेघ राहिली तर ती धातूवरही उतरते, इतकं हे काम नाजूक.

झाडं जोडण्याच्या थंड खोलीत अभिनंदनची बायको सुनेत्रा कामाला होती. मुलगी पाचवीत गेल्यावर तिला नोकरी करावीशी वाटली, तेव्हा त्यानंच शब्द टाकून तिला लावून दिलं होतं. त्याला चौदा वर्षं झाली. खोलीत नऊ बायका. प्रत्येकीच्या हातात गरम केलेली पातळ सुरी, समोर अभिनंदनचं ड्रॉइंग. ड्रॉइंगप्रमाणे मेणाला मेण चिकटवत जायचं. रुकडीहून दोघं एकाच मोटारसायकलवर यायची, गेटमधून आत आली की तो डावीकडं जायचा, ती उजवीकडं.

यंत्रणेचं नाव होतं 'माग'. २०३८ च्या दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा 'माग'च्या कपाटालाही झेंडूचा हार घातला होता. त्याआधी शंभरातले सहा-सात भाग नापास व्हायचे आणि दर वेळी भांडण लागायचं. कवचाचं काम बघणारे मेणाला नावं ठेवायचे, मेणाच्या खोलीतल्या बायका भट्टीला. वडिलांच्या पश्चात फाउंड्री चालवणाऱ्या मृणालिनी घाटगे या भांडणांना कंटाळल्या होत्या. अभिनंदननं त्यांना सांगितलं की एकदा कळू दे चूक कुणाच्या हातची असते ते. माझ्या विभागाची नसते एवढं मी आजच लिहून देतो.

आधीच्या संगणकांना फक्त काय कशाबरोबर घडतं ते कळायचं. दमट दिवशी जास्त माल नापास होतो, असं ते सांगायचे. पण तो दमटपणामुळे होतो की त्या दिवशी रजेवर असलेल्या माणसामुळे, हे त्यांना सांगता यायचं नाही. माग कारण शोधायचा. मेणाचा भाग तयार झाला की त्याला क्रमांक मिळायचा आणि तिथून त्याच्यावर नजर राहायची: कुणाच्या हातात किती वेळ होता, फांदी किती अंशांत जोडली, घोळ किती दाट होता, रस किती वेगानं शिरला, आणि शेवटी एक्स-रेमध्ये आत काय दिसलं. मग माग तेच ओतकाम स्वतःच्या पोटात पुन्हा पुन्हा करून बघायचा. दहा-दहा हजार वेळा, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलून. हा हात इथं नसता तर काय झालं असतं? फांदी ड्रॉइंगप्रमाणेच जोडली असती तर? त्या उत्तरांच्या फरकावरून तो प्रत्येकाचा वाटा काढायचा. शंभरातला अमका इतका, तमका इतका.

विमानाचे भाग करणाऱ्यांना जुने एक्स-रे आणि कामाचं चित्रीकरण जपून ठेवावं लागतं. नऊ वर्षांचं तसं सगळं 'माग'ला दिलं होतं. ते चाळून त्यानं पहिला मोठा अहवाल दिला तेव्हा मृणालिनीताईंनी विभागप्रमुखांना केबिनमध्ये बोलावलं. सुनेत्रालाही बोलावलं. ती का आली आहे हे अभिनंदनला कळेना. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली, हातावर मेणाचे हिरवे ठिपके तसेच होते.

अहवाल साधा होता. अभिनंदनच्या मेथडप्रमाणे इतर आठ जणींनी जोडलेल्या झाडांमधले शंभरात साडेसहा भाग नापास झाले होते, आणि सुनेत्रानं जोडलेल्यांमधला शंभरात एकही नाही. कारणही मागनं शोधलं होतं. ती ड्रॉइंगप्रमाणे जोडतच नव्हती. कुठं फांदी बारा अंशांनी कलती केली होती, कुठं सांध्यात बोटानं मेणाचा जाड गोलसर भराव घातला होता. अवघड आणि महत्त्वाची झाडं सुपरवायझर नेहमी तिच्याकडंच द्यायचा, कारण तिचा हात साफ होता. त्यामुळे बाहेर ज्या ज्या भागांमुळे मगदूमचं नाव झालं होतं, ते सगळे तिच्या टेबलावरून गेलेले होते. २०३३ साली इंजिनाच्या टर्बोचं जे चक्र केलं म्हणून अभिनंदनचा फाउंड्रीवाल्यांच्या परिषदेत सत्कार झाला, त्याच्या यशातला मेथडचा वाटा मागनं एकोणीस काढला होता. मेणाच्या जोडणीचा अठ्ठावन्न.

विभागप्रमुख हातातले कागद चाळत राहिले. मग अभिनंदन हसून म्हणाला, "चला, घरचं घरातच राहिलं." सगळे मोकळे होऊन हसले. सुनेत्रा हसली नाही. ती त्याच्याकडं बघत होती, आणि ती आपल्याला घाबरून बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याचाही त्याला राग आला.

महिन्याभरात सुनेत्राला मेथड विभागात घेतलं. अभिनंदन प्रमुख राहिला. तिला त्याच्या शेजारचं टेबल दिलं, संगणकावर काम करायला शिकवायला पुण्याहून माणूस आला. ती लवकर शिकली.

त्या दिवसांत अभिनंदनला स्वतःची जी ओळख झाली ती त्याला आधी नव्हती. तिला आलेले फोन तो मोजायला लागला. बेळगावहून कुणी ड्रॉइंग घेऊन आलं की ते आधी कुणाच्या टेबलाकडं वळतात हे तो मान न उचलता बघायचा. ती बैठकीत एखादा इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारायची तेव्हा त्याला आतून बरं वाटायचं, आणि मग तोच शब्द तो थोड्या वेळानं बरोबर उच्चारून वापरायचा. घरी तो फार सभ्य वागू लागला. भाजी चांगली झाली म्हणायचा, पाण्याचा तांब्या स्वतः भरून घ्यायचा. पूर्वी ती दोघं जेवताना कामाचं बोलायची, ते बंद झालं. एकटा असला की तो जुने भाग एकेक करून आठवायचा. हा तर माझाच. हा तरी. मग त्याला आठवायचं की ते झाडही तिच्याच टेबलावर होतं.

सगळ्यात जास्त त्याला हे सलायचं की तिला त्यासाठी काही करावंच लागलं नव्हतं. त्यानं पुस्तकं वाचली होती, दोन वेळा जर्मनीला जाऊन आला होता, सुट्टीचे सोमवार आकडेमोडीत घालवले होते. तिनं फक्त बोटानं मेण दाबलं होतं.

तो एकटाच असा नव्हता. कवच विभागाचा दस्तगीर शिकलगार त्याचा जुना मित्र. तो एकदा म्हणाला की माझ्याकडं दोघं सख्खे भाऊ घोळात झाडं बुडवतात, एकाचा वाटा सात निघतो, दुसऱ्याचा दोन. पंधरा दिवस झाले, दोघं एका डब्यात जेवत नाहीत. "आधी सगळ्यांचं मिळून काम व्हतं अण्णा," तो म्हणाला. "आता ज्याचं त्याचं झालं." अभिनंदननं मान डोलावली. आपलंही तसंच झालं आहे हे मात्र त्यानं मित्राला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी फाउंड्रीला एक मोठं काम आलं. लहान मुलांच्या कमकुवत हृदयाला मदत करणारा पंप एका कंपनीनं तयार केला होता, छातीच्या आत बसवायचा. त्याच्यात फिरणारं चक्र सुपारीएवढं, कोबाल्टच्या मिश्रधातूचं. आतल्या वाटा वळणावळणाच्या, त्यामुळे कापून काढता येत नव्हतं. धातूचे थर एकावर एक छापून, थ्री-डी प्रिंटिंगनं, करून बघितलं होतं, पण त्याचा आतला पृष्ठभाग खरखरीत राहायचा आणि त्यावर रक्तातल्या पेशी फुटायच्या. गुळगुळीत हवं तर मेणाचं ओतकामच करायला हवं होतं. देशात तीन फाउंड्र्यांना विचारलं होतं. पहिलं ओतकाम कंपनीची माणसं समोर उभी राहून बघणार होती.

मृणालिनीताईंनी मेथड सुनेत्राला करायला सांगितली. अभिनंदनला त्यांनी वेगळं बोलावून विचारलं की तुमची काही हरकत नाही ना. तो म्हणाला, हरकत कसली.

सुनेत्रानं तीन आठवडे घेतले. एका शुक्रवारी तिनं मेथड पूर्ण केली आणि त्याला बघायला सांगून ती कंपनीच्या लोकांना भेटायला कोल्हापूरला गेली. दुपारची वेळ होती, विभागात दुसरं कुणी नव्हतं. अभिनंदननं ड्रॉइंग उघडलं. ते इतकं सुंदर होतं की तो खुर्ची पुढं ओढून बसला. चक्राची पाती अशा कोनात ठेवली होती की रस एकाही जागी अडखळणार नव्हता. त्याला हे सुचलं नसतं, आणि सुचलं नसतं हे त्याला कळत होतं.

मग त्याला मधला गड्डा दिसला. पात्यांना रसाची भर मिळावी म्हणून तिनं मध्यभागी मेण जाड ठेवलं होतं, तिच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे. ओतताना ते बरोबरच होतं. पण ओतण्याच्या आधी मेण काढावं लागतं, आणि मेण वितळण्याआधी फुगतं. बाहेरची पातळ पाती अरुंद आणि वेडीवाकडी. त्यांच्यातून वितळलेलं मेण सावकाश सरकणार. तोवर मधला जाड गड्डा तापून फुगणार आणि त्याला बाहेर पडायला वाट नसणार. कवचाला आतून तडा जाणार, डोळ्याला न दिसणारा. मेणाच्या खोलीत बसणाऱ्या बाईला हे माहीत असायचं कारण नव्हतं. वाफेच्या टाकीपाशी वर्षानुवर्षं उभं राहिल्यावरच ते कळतं, आणि तिथं तो उभा राहिलेला होता. उपायही सोपा होता. गड्ड्यापासून बाहेरपर्यंत मेणाची एक बारीक तार लावायची. ती आधी वितळते आणि वाट मोकळी करते.

त्यानं तो गड्डा मोठा करून बघितला. फिरवून बघितला. पुन्हा मोठा केला. आपण चुकत तर नाही ना हे तो तपासत होता, निदान तसं तो स्वतःला सांगत होता. मग त्यानं ड्रॉइंग बंद केलं.

ती परत आल्यावर तिनं विचारलं की बघितलं का, काही राहिलंय का. तो म्हणाला, "छान झालंय." तिचा चेहरा उजळला. वर्षभरात त्यानं तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही चांगलं म्हटलं होतं.

ओतकाम आठ दिवसांनी, शनिवारी झालं. भट्टी निर्वात पेटीत होती, त्यामुळे कुणाला इजा व्हायची भीती नव्हती. जाड काचेतून सगळे बघत होते. रस कवचात शिरला आणि दोन सेकंदांत कवचाच्या कुशीतून एक पांढरी तेजस्वी रेघ बाहेर आली. मग ती फाटली. चौदाशे ऐंशी अंशांचा रस भट्टीच्या आतल्या बाजूला सांडला आणि आतल्या विजेच्या तारा वितळून काच काळी पडली. ती भट्टी सहा आठवडे बंद राहणार होती. कंपनीच्या माणसांनी मृणालिनीताईंशी हळू आवाजात बोलून घेतलं. दुसऱ्या एका फाउंड्रीचं ओतकाम पुढच्या महिन्यात होतं. ते जमलं तर यांची पाळी संपलीच. सुनेत्रा काचेपाशी उभी होती. तिनं दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते. लोक तिच्या बाजूनं जाताना आवाज न करता जात होते, जसं कुणाच्या घरी वाईट झाल्यावर जातात.

अभिनंदनला वाटलं होतं की आपल्याला बरं वाटेल. तसं थोडं वाटलंही, एखाद्या क्षणापुरतं, आणि ते वाटलं म्हणून तो काचेपासून बाजूला झाला.

'माग'चा अहवाल रविवारी आला. कारण त्यानं बरोबर सांगितलं होतं: मेण फुगलं, वाट नव्हती, कवच तडकलं. पण त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, आणि तशी ओळ त्यानं याआधी कधी काढलेली नव्हती. मेथड पक्की होण्याआधी हा दोष असलेली जागा एका अनुभवी माणसानं पडद्यावर मोठी करून अकरा मिनिटं बघितली होती. त्या माणसानं ते सांगितलं असतं, तर कवच तडकण्याची शक्यता शंभरात एक्काहत्तरवरून सहावर आली असती. न सांगण्याचा वाटा पासष्ट.

हाताचा वाटा काढायला शिकवलेल्या यंत्रणेनं गप्प राहण्याचाही वाटा काढला होता. तिच्या दृष्टीनं दोन्हींत फरक नव्हता.

पंपाच्या कामाची प्रमुख म्हणून अहवाल आधी सुनेत्राकडं आला. दोन दिवसांत तिनं तो पुढे पाठवायचा किंवा गैरलागू म्हणून बंद करायचा होता. सोमवारी वसाहतीची सुट्टी. त्यांचं घर जैन, सूर्यास्ताआधी जेवण व्हायचं. संध्याकाळच्या उतरत्या उन्हात ती दोघं स्वयंपाकघरात जेवायला बसली तेव्हा तिनं वाढलं आणि स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

"मधल्या गड्ड्यापाशी अकरा मिनिटं थांबला होता तुम्ही," ती म्हणाली.

त्याला नाही म्हणता आलं असतं. तो नुसता बघत होता, त्याच्या लक्षात आलं नाही, असं म्हणायला यंत्रणेनं जागा ठेवली होती. तिनं बहुधा ते मानलंही असतं.

"दिसलं होतं मला," तो म्हणाला.

"मी विचारलं, तर छान झालंय म्हणालात."

त्यानं हातातला चपातीचा तुकडा ताटात ठेवला.

मग तिनं त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती. एका झाडाची फांदी थोडी कलती केली तर रस सरळ चढेल असं तिला वाटलं, म्हणून तिनं त्याला ते मेणाच्या खोलीत सांगितलं होतं. त्या वेळी तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला होता की कोन बदलायचा तर घरी चपातीचा बदल, इथं ड्रॉइंग बघ. बायका हसल्या होत्या. त्याला हे अजिबात आठवत नव्हतं, आणि तसं त्यानं सांगितलं.

"मला आठवतं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मी तुम्हाला सांगायचं सोडलं. पण भाग कधी बिघडू दिला नाही."

एवढं बोलून ती जेवायला लागली. तिला भूक नव्हती, पण सूर्य मावळायला आला होता. जेवण झाल्यावर तिनं सांगितलं की अहवाल ती बंद करणार नाही, आणि नवऱ्याच्या नावाचा कागद स्वतःच्या हातानं पुढेही पाठवणार नाही. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, तुमचं तुम्ही बघा.

मंगळवारी सकाळी अभिनंदन मृणालिनीताईंच्या केबिनमध्ये गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. का केलं ते त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं की तिचं चांगलं झालेलं मला बघवत नव्हतं. हे वाक्य तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होता, आणि ते इतकं लहान निघालं याचं त्याला नवल वाटलं. त्या म्हणाल्या की न सांगणं हा कुठल्याच नियमात गुन्हा नाही, त्यामुळे मी तुम्हाला काढू शकत नाही; पण मेथडमध्येही ठेवू शकत नाही. त्याला कवच विभागात दस्तगीरच्या हाताखाली दिलं. दस्तगीरनं त्याला काही विचारलं नाही. घोळ किती दाट हवा ते दाखवलं आणि एप्रन दिला.

ती ओळ फाउंड्रीभर पसरली आणि तिचा परिणाम कुणाच्याच ध्यानीमनी नसलेला झाला. लोकांनी एकमेकांचं काम बघणंच बंद केलं. ड्रॉइंग उघडलं आणि त्यात काही चूक राहिली, तर दिसलं असून सांगितलं नाही असा ठपका येणार. न उघडलेलं बरं. पूर्वी एक मेथड पक्की होण्याआधी पाच-सहा जण सहज नजर टाकायचे, कुणी जाता जाता बोट दाखवायचं. आता ज्यानं केली त्याच्याशिवाय ती कुणी बघत नव्हतं. पंधरा दिवसांत नापास माल वाढला, आणि तो का वाढला हेही मागनंच सांगितलं.

त्यातच कळलं की दुसऱ्या फाउंड्रीचं चक्र आतून पोकळ निघालं. कंपनीनं यांना आणखी एक संधी दिली. सुनेत्रानं नवी मेथड केली, गड्ड्याला वाट ठेवली. सगळ्यांना बघायला पाठवली. चार दिवस कुणीही उघडली नाही. ती टेबलाटेबलापाशी जाऊन विनंती करत होती आणि लोक हातातलं काम दाखवत होते.

पाचव्या दिवशी अभिनंदननं कवच विभागातल्या पडद्यावर ती उघडली. आता त्याच्यावर नवा ठपका काय येणार होता. ती पहिल्याइतकीच सुंदर होती आणि पहिल्याइतकीच त्याला टोचली. तो बघत राहिला. मग एप्रनवरच्या घोळाच्या पांढऱ्या डागांसकट तो मेणाच्या खोलीत गेला. सुनेत्रा तिथं नमुन्याचं झाड स्वतः जोडत होती आणि बाकीच्या बायका भोवती होत्या. सगळ्या थांबल्या.

"तारेची जागा चुकलीय," तो म्हणाला. "झाड टाकीत उलटं ठेवतात. मेण खाली येतं. तू वाट वरच्या बाजूला काढलीस."

तिनं सुरी खाली ठेवली. टाकीत वाफ कुठून येते ते तिनं विचारलं. त्यानं हातानं दाखवलं. मग ती म्हणाली की खाली तार लावली तर पात्याच्या मुळाशी खूण राहील, रक्त तिथं अडखळेल. हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. तो त्या बायकांसमोर म्हणाला की बरोबर आहे तुझं. शेवटी दोन तारा ठरल्या, एक आरपार आणि एक गड्ड्याच्या पाठीमागं, जिथं नंतर घासून काढता येईल. अर्धा तास दोघं उभ्यानंच बोलत होती. वर्षभरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

दुसरं ओतकाम जमलं. एक्स-रेमध्ये झाडावरची सोळाही चक्रं भरीव निघाली. कंपनीकडून आलेल्या एका बाईंनी एक चक्र तळहातावर घेऊन सुनेत्राचे हात हातात धरले. अभिनंदन मागच्या रांगेत उभा होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही आणि त्याला ते लागलं.

पुढच्या महिन्यात कामगार आणि मालक यांच्यात करार झाला. कुणी काय बघितलं याची नोंद माग ठेवणार नाही, आणि ज्याला नको असेल त्याला स्वतःचा वाटा लोकांपासून झाकता येईल. बऱ्याच जणांनी झाकला. दस्तगीरकडच्या त्या दोघा भावांनी झाकला. करारानंतर चक्रांचा पक्का अहवाल भिंतीवरच्या पडद्यावर लागला तेव्हा अभिनंदन जेवणाच्या सुट्टीत तो बघायला थांबला. कवच विभाग सव्वीस. भट्टी आठ. त्याच्या नावापुढं नऊ. सुनेत्राच्या नावापुढची जागा कोरी होती.

ती कॅन्टीनमध्ये एकटी बसली होती, डबा उघडायच्या बेतात. तो समोर बसला.

"झाकलास का?"

तिनं खांदे उडवले. मला नाही बघायचा, म्हणाली.

"तुला नाही, मला दिसू नये म्हणून."

ती डब्याचं झाकण उगाच फिरवत राहिली, तेव्हा त्याला खात्री पटली. नऊ वर्षं तिनं हेच केलं होतं. त्याला लागू नये म्हणून त्याच्या नजरेआड करत राहायचं आणि काम मात्र नीट करायचं. तो त्यावर जगला होता.

"चालू कर," तो म्हणाला. "मला बघू दे."

"कशाला? दोन दिवस जेवणार नाही तुम्ही."

"जेवीन."

तिनं त्याच्याकडं नीट निरखून बघितलं. मग फोन काढला आणि एकदा अंगठा टेकवला. भिंतीवरच्या पडद्यावर कोऱ्या जागी आकडा आला. सत्तावन्न. आसपासच्या टेबलांवरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. अभिनंदननं आकडा वाचला, पुन्हा वाचला. तो जिथं लागायचा तिथंच लागला, जराही कमी नाही.

"सत्तावन्न," तो तिला म्हणाला, आणि त्यानं आपला डबा उघडला.